एकहाती बॅकहँड आणि पुढची फिरकी

टेनिसचा खेळ ज्यांनीं मैदानावर किंवा दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, त्यांच्या एक गोष्ट खचित ध्यानांत आली असेल. उजव्या हातानें खेळणाऱ्याच्या उजव्या बाजूस चेंडू आला म्हणजे तो निर्धास्तपणें हाणतो. तोच चेंडू डाव्या बाजूस आला, कीं पुष्कळांचा हात आखडतो. या डाव्या बाजूच्या, हात शरीरावरून आडवा नेऊन मारावयाच्या फटक्यास बॅकहँड म्हणतात. नवशिक्याचा बॅकहँड बहुधा चेंडू कसाबसा पलीकडे ढकलण्यापुरताच असतो. आणि प्रतिस्पर्ध्यानें एकदां हें हेरलें म्हणजे तो सारा वेळ त्याच कोपऱ्यांत चेंडू टाकीत राहतो. घराच्या एका भिंतीला खिंडार असलें म्हणजे चोर दाराकडे कशाला जाईल? हें खिंडार बुजविण्याचा एक शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे एका हाताच्या बॅकहँडला पुढची फिरकी, जिला खेळाडू टॉपस्पिन म्हणतात, ती देणें. ती कशी देतात आणि तिच्यानें काय साधतें, हें आज सांगावयाचें आहे.

या विषयाचा उत्तम वस्तुपाठ आपल्याकडे पुण्यासच घडला होता. चेन्नई येथें भरणारी पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१८ सालीं पुण्याजवळच्या बालेवाडी येथें आली, आणि मधलें २०२१ चें वर्ष वगळतां २०२३ पर्यंत ‘महाराष्ट्र ओपन’ या नांवानें तेथें खेळली गेली. ५ जानेवारी २०१९ रोजीं तिच्या एकेरीच्या अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोव्हिच समोरासमोर उभे राहिले. कार्लोव्हिच चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. उंची जवळजवळ सात फूट, सर्व्हिस तोफेच्या गोळ्यासारखी. परंतु त्याचा एकहाती बॅकहँड बहुतेक सदा मागच्या फिरकीचा, म्हणजे चेंडूखालून कापून मारलेला. तीनहि सेट ७-६ असे टायब्रेकवर गेले, आणि शेवटचा टायब्रेक अँडरसननें ७-५ असा जिंकला. दोन गुणांच्या पराभवाचें खापर एकाच फटक्यावर फोडणें अन्यायाचें होईल. तथापि त्याच आठवड्यांत, त्याच संकुलांत, दुहेरीचें विजेतेपद दिविज शरणसह मिळविणाऱ्या रोहन बोपण्णाचाहि बॅकहँड एकहातीच होता, मात्र तो चेंडू सरळ व जोरानें हाणणारा होता. हाच बोपण्णा पुढें २०२३ सालीं हांगचौच्या एशियाई खेळांत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिच्या जोडीनें मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक घेऊन आला. आणि स्पर्धा चेन्नईस होती, तेव्हां २०११, २०१४, २०१५ आणि २०१६ अशी चार वेळां ती जिंकणारा स्टॅन वावरिंका तर एकहाती बॅकहँडला जोरकस पुढची फिरकी देण्याविषयीं जगप्रसिद्ध आहे. हात एकच, बाजू तीच. फरक चेंडू कोणत्या दिशेस फिरतो, एवढाच.

आतां ही फिरकी म्हणजे काय, तें पाहूं. बैलगाडी पुढें चालली असतां तिच्या चाकाचा माथा पुढें जातो व तळ मागें येतो. चेंडू आपल्याकडून प्रतिस्पर्ध्याकडे जात असतां याच चाकाप्रमाणें फिरत असेल, तर ती पुढची फिरकी. याच्या उलट, माथा आपल्याकडे येत असेल व चेंडू मात्र पुढें जात असेल, तर ती मागची फिरकी. तिलाच स्लाइस म्हणतात. रॅकेट खालून वर नेली तर पुढची फिरकी मिळते. वरून खालीं नेली तर मागची. एवढें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

या फिरकीची गरज कां भासते, हें समजण्यास थोडें गणित करावें लागेल. टेनिसचें मैदान ७८ फूट लांब असतें आणि जाळी मध्यभागीं ३ फूट उंच असते. चेंडू जाळीच्या वरून गेला पाहिजे आणि पलीकडच्या रेषेच्या आंत पडलाहि पाहिजे. त्याला खालीं आणण्याचें काम गुरुत्वाकर्षण करितें. पडणारी वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें १६ फूट खालीं येते. ताशीं ६० मैलांच्या, म्हणजे सेकंदास ८८ फुटांच्या वेगानें मारलेला चेंडू, हवेचा विरोध सोडून हिशेब केला तर, ७८ फूट जाण्यास सेकंदाहून थोडा कमी वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळांत गुरुत्वाकर्षण त्याला साडेबारा फूट खालीं ओढतें. आतां वेग दुप्पट करा. वेळ निम्मा होईल; परंतु ओढ निम्मी न होतां एकचतुर्थांश, म्हणजे जेमतेम तीन फूट राहील. याचा अर्थ असा कीं, चेंडू जितक्या जोरानें मारावा तितका गुरुत्वाकर्षणास अवकाश कमी मिळतो, आणि चेंडू एक तर जाळींत अडकतो, नाहींतर रेषेबाहेर जातो. या दोहोंच्या मधली वाट फारच अरुंद राहते. जोरदार फटका मारावयाचा तर गुरुत्वाकर्षणास कोणी मदतनीस दिला पाहिजे. तो मदतनीस म्हणजे पुढची फिरकी.

ही मदत हवेकडून मिळते. टेनिसचा चेंडू लोकरी लव असलेला असल्यामुळें फिरतांना भोंवतालच्या हवेचा पातळ थर आपल्याबरोबर ओढतो. पुढच्या फिरकींत चेंडूचा माथा समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध जातो, तर तळ तिच्याबरोबर जातो. त्यामुळें मागें सुटणारी हवा वरच्या बाजूस वळते, आणि हवा वर ढकलली गेली म्हणजे तिची प्रतिक्रिया म्हणून चेंडू खालीं ढकलला जातो. १८५२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यानें अशा परिणामाचा अभ्यास केला, म्हणून त्याचें नांव यास मिळालें. परंतु न्यूटनसारख्याच्या नजरेंतून ही गोष्ट त्याच्या फार पूर्वीं सुटली नव्हती. प्रकाशाविषयींच्या १६७२ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रांत, तिरप्या रॅकेटनें मारलेला टेनिसचा चेंडू वांकड्या मार्गानें जातो, याचा त्यानें दाखला दिला आहे. पुढें १८७७ सालीं, म्हणजे विम्बल्डनची पहिली स्पर्धा ज्या वर्षीं झाली त्याच वर्षीं, लॉर्ड रॅले यानें टेनिसच्या चेंडूच्या अनियमित मार्गावर स्वतंत्र निबंध लिहिला. खेळाडूंना मात्र या निबंधांची गरज नसते. त्यांना इतकें माहीत असलें पुरे कीं, पुढची फिरकी दिलेला चेंडू जाळीवरून दोन-तीन फूट उंच नेला तरी तो पलीकडे झपकन् खालीं उतरतो, आणि टप्पा पडल्यावर उंच उसळून प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापाशीं येतो.

मग सर्वच जण असा फटका कां मारीत नाहींत? याचें कारण मोठें मनोरंजक आहे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू टप्पा घेऊन आपल्याकडे येतो तेव्हां तो बहुधा पुढच्या फिरकीचा असतो, म्हणजे त्याचा माथा आपल्या दिशेनें फिरत असतो. आपण तो कापून परत धाडला तर त्याचा माथा तसाच आपल्याकडे फिरत राहतो; फिरण्याची दिशा बदलावी लागत नाहीं, केवळ जाण्याची दिशा बदलते. परंतु आपल्याला पुढची फिरकी द्यावयाची असेल, तर फिरणारें चाक प्रथम थांबवून मग उलट फिरवावें लागतें. हें काम एका हातानें आणि तेंहि पांच सहस्रांश सेकंदांत करावयाचें, कारण चेंडू तारांवर इतकाच वेळ टेकलेला असतो. लांकडी रॅकेटांच्या काळीं, शिवाय गवताच्या मैदानावर, जेथें चेंडू मुळांतच कमी उसळतो, तेथें पुष्कळ मोठे खेळाडू बॅकहँड कापूनच मारीत असत, यांत नवल नाहीं. तरीहि १९३८ सालीं एकाच वर्षांत चारहि प्रमुख स्पर्धा जिंकणारा पहिला पुरुष खेळाडू अमेरिकेचा डॉन बज याच्या बॅकहँडची ख्याति आक्रमक फटक्याविषयींच होती. आणि १९६२ व १९६९ अशी दोन वेळां तीच कामगिरी करणारा ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर हा लांकडी रॅकेटनेंच बॅकहँडला भरपूर पुढची फिरकी देई. पुढें मोठ्या तोंडाच्या हलक्या रॅकेटा आल्या. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेननें १९९७ सालीं पॅरिसची स्पर्धा पॉलिएस्टरच्या तारा वापरून जिंकल्यावर त्या तारांचा प्रसार वाढला. या तारा चेंडूबरोबर सरकतात व झटकन् मूळ जागीं येतात, त्यामुळें फिरकी अधिक मिळते. तरीहि रॅकेट कितीहि महाग घेतली तरी ती आपण होऊन खालून वर जात नाहीं. ती नेणें हें खेळाडूचेंच काम आहे.

तें कसें करावें, हें आतां क्रमानें सांगतों. उजव्या हातानें खेळणारा खेळाडू गृहीत धरिला आहे. डावखुऱ्यानें बाजू बदलून घ्यावी.

पहिली गोष्ट मूठ. रॅकेटचा दांडा आठ पैलूंचा असतो. रॅकेटचें तोंड भिंतीसारखें उभें धरलें असतां, उजव्या बाजूच्या फटक्याच्या वेळीं तर्जनीच्या मुळाचा सांधा दांड्याच्या उजव्या पैलूवर असतो. बॅकहँडसाठीं हात पाव वळसा आंतल्या बाजूस फिरवून तो सांधा सर्वांत वरच्या पैलूवर आणावा. हा केवळ सवयीचा प्रश्न नव्हे. मूठ न बदलतां हात पुढें केला, तर रॅकेटचें तोंड आकाशाकडे उघडतें, आणि मग चेंडू कापण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. मूठ बदलली म्हणजे तेंच तोंड मनगट न वांकवितां जाळीसमोर उभें राहतें. ही अदलाबदल डाव्या हाताच्या साहाय्यानें करावी: डाव्या हातानें रॅकेटचा गळा धरून ती फिरवावी व उजव्या हातानें नुसती मूठ सैल करून पुन्हां आवळावी. चेंडू कोणत्या बाजूस येत आहे हें कळतांच हें झालें पाहिजे.

दुसरी गोष्ट खांद्यांचें वळण. उजवा खांदा जाळीकडे आणि पाठीचा थोडा भाग प्रतिस्पर्ध्यास दिसेल, इतकें वळावें. डावा हात रॅकेटच्या गळ्यावरून या वेळीं सोडूं नये. त्यानेंच रॅकेट मागें न्यावी. आपल्या पूर्वजांच्या चित्रांत कमरेच्या डाव्या बाजूस तलवार असते आणि उजवा हात ती उपसावयास आडवा गेलेला असतो. ती मुद्रा डोळ्यांसमोर आणावी म्हणजे झालें.

तिसरी गोष्ट, आणि फिरकीच्या दृष्टीनें हीच मुख्य, रॅकेट चेंडूच्या पातळीच्या खालीं नेणें. त्यासाठीं गुडघे वांकवावे लागतात. नुसता हात खालीं सोडून कंबर ताठ ठेवली, तर रॅकेट खालीं जाते खरी, पण वर येतांना तिच्यामागें शरीराचें बळ नसतें. उजवा पाय पुढें टाकून, गुडघे लवचीक ठेवून, मग पायांनींच वर उठावयाचें. हात त्या उठण्याबरोबर येतो.

चौथी गोष्ट आघाताची जागा. एकहाती बॅकहँडमध्यें चेंडू पुढल्या पायाच्याहि थोडा पुढें गांठावा लागतो. दोन हातांनीं मारणाऱ्यास थोडा उशीर झाला तरी मागचा हात सांभाळून घेतो. एका हातावर भिस्त असणाऱ्याला ही सवलत नाहीं. आघाताच्या क्षणीं हात सरळ, मनगट घट्ट, आणि रॅकेटचें तोंड उभें असावें. पुष्कळांची समजूत असते कीं, फिरकी देण्यासाठीं मनगट चेंडूवरून गुंडाळावें, पोळी लाटल्यासारखें. परंतु चेंडू तारांवर पांच सहस्रांश सेकंदच टेकतो, हें आपण वर पाहिलें. तेवढ्यांत मनगट गुंडाळणें मनुष्यमात्रास शक्य नाहीं. तो प्रयत्न करणाऱ्याचा चेंडू जाळींत जातो. फिरकी येते ती रॅकेटच्या मार्गामुळें, मनगटाच्या झटक्यामुळें नव्हे. इतकेंच नव्हे, तर उशिरा गांठलेला चेंडू वांकलेल्या मनगटानें मारल्यास त्याचा सारा ताण कोपराच्या बाहेरच्या बाजूस बसतो. ‘टेनिस एल्बो’ म्हणून ज्या दुखण्याचें नांव घरोघर ऐकूं येतें, त्याचें हें एक कारण आहे.

पांचवी गोष्ट शेवट. आघातानंतर रॅकेट पुढें व वर जाऊं द्यावी. हात खांद्यापासून सरळ उघडत जाऊन रॅकेटचें टोंक डोक्याहून उंच यावें. त्याच वेळीं डावा हात उलट, मागच्या दिशेस पसरावा. हें शोभेसाठीं नव्हे. डावा हात मागें गेल्यामुळें छाती वेळेपूर्वीं जाळीकडे उघडत नाहीं, आणि चेंडू ठरल्या दिशेनें जातो.

येथें महाराष्ट्रांतील मुलांच्या एका सवयीविषयीं सांगितलें पाहिजे. आपल्याकडे टेनिसच्या आधीं बहुधा बॅडमिंटन हातीं येतें. बॅडमिंटनचें फूल सुमारें ५ ग्रॅम वजनाचें. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमांचा, म्हणजे दहापटींहून जड. तेथें मनगटाच्या व अग्रबाहूच्या झटक्यानें जें साधतें, तें येथें साधत नाहीं. येथें फटका खांद्यांतून आला पाहिजे. दोन्ही खेळ शिकतां येतात, यांत शंका नाहीं. सांगलीस जन्मलेले नंदू नाटेकर हे आरंभीं टेनिस खेळत असत. पुढें बॅडमिंटनकडे वळून त्यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, आणि असें पद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनीं टेनिस घेऊन १९९४ च्या हिरोशिमा एशियाई खेळांत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचें सुवर्णपदक जिंकलें. एका घरांत दोन्ही खेळ नांदूं शकतात. मात्र एका खेळाचें मनगट दुसऱ्यांत नेऊं नये.

सरावासाठीं मैदान पाहिजेच असें नाहीं. आमच्या मीरा-भाईंदरसारख्या दाटीच्या शहरांत टेनिसचें कोर्ट गल्लोगल्लीं नसतें. परंतु भिंत सर्वत्र असते. शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळून, खिडक्या नसलेली एक भिंत निवडावी. जमिनीपासून ३ फुटांवर खडूनें एक रेघ मारावी, ती जाळी. दुसरी साडेपांच फुटांवर. जुन्या चेंडूवर भोंवतालून शाईचा एक जाड पट्टा काढावा. मग डाव्या हातानें चेंडू पुढल्या पायाच्या पुढें सोडून, टप्पा घेऊन कमरेइतका वर आला म्हणजे खालून वर मारावा. फटका दोन रेघांच्या मध्यें, शक्यतों वरच्या रेघेजवळ लागावा. फिरकी मिळाली कीं नाहीं, हें भिंतच सांगते: पुढची फिरकी असलेला चेंडू भिंतीस लागल्यावर वर चढतो, मागच्या फिरकीचा खालीं घसरतो. शाईचा पट्टाहि चाकासारखा पुढें फिरतांना दिसेल. आरंभीं जोर निम्मा असावा. आठवडाभर एकट्यानें चेंडू सोडून मारावा, मग भिंतीवरून परत येणारा मारावा, आणि नंतरच समोर माणूस घ्यावा.

या फटक्याची मर्यादाहि सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. खांद्याच्या वर उसळलेला चेंडू एका हातानें हाणणें फार कठीण. डावखुरा राफाएल नदाल आपल्या उजव्या बाजूकडे तिरपा, भरपूर फिरकीचा चेंडू टाकून रॉजर फेडररचा बॅकहँड वर्षानुवर्षें असाच खांद्याजवळ पकडीत असे. २००६, २००७ आणि २००८ या तीनहि वर्षीं पॅरिसच्या अंतिम सामन्यांत फेडरर हरला. पुढें त्यानें अधिक मोठ्या तोंडाची रॅकेट घेतली, आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत मागें न सरतां चेंडू उसळून वर येण्यापूर्वींच गांठून बॅकहँड हाणला व पांच सेटांत नदालला हरविलें. म्हणून उंच चेंडूस तीन उपाय: एक तर पुढें सरून तो लवकर गांठावा, दुसरें मागें सरून तो कमरेपर्यंत उतरूं द्यावा, आणि दोन्ही शक्य नसतील तर निःसंकोच कापावा. कापलेला फटका हा शत्रु नव्हे. तो एकमेव आधार असूं नये, एवढेंच.

शेवटीं पालकांच्या मनांतील एक प्रश्न. मुलास एका हाताचा बॅकहँड शिकवावा कीं दोन हातांचा? जगांत एकहाती फटका विरळ होत चालला आहे, हें खरें. पुरुषांची संगणकीय क्रमवारी १९७३ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून २०२४ च्या फेब्रुवारींत प्रथमच तिच्या पहिल्या दहांत एकहि एकहाती खेळाडू उरला नाहीं. पुढें दिमित्रोव्ह व मुसेट्टी यांच्यासारख्यांनीं तेथें पुन्हां जागा मिळविली, तरी एकंदर ओघ दोन हातांकडेच आहे. लहान मुलाच्या मनगटांत बळ कमी असतें, म्हणून त्यानें दोन हातांनीं आरंभ करणें स्वाभाविक होय. परंतु पीट साम्प्रस हा दोन हातांनीं आरंभ करून कुमारवयांत एका हातावर आला, आणि पुढें चौदा प्रमुख विजेतेपदें मिळविता झाला. बेल्जियमची जस्टिन हेनिन जेमतेम साडेपांच फूट उंचीची. तरी एकहाती बॅकहँडच्या बळावर तिनें पॅरिसची स्पर्धा चार वेळां जिंकली. यावरून बाहुबळ हा या फटक्याचा पाया नसून योग्य मूठ, लवकर वळण आणि पुढें गांठलेला चेंडू हा त्याचा पाया आहे, हें उघड होतें.

तेव्हां मुलाची स्वाभाविक ओढ एका हाताकडे दिसली, तर केवळ प्रघात नाहीं म्हणून ती मोडूं नये; मात्र तो फटका कापण्यापुरता ठेवूं नये, पुढच्या फिरकीसह पुरा शिकवावा. आणि ज्या प्रौढ खेळाडूस डाव्या बाजूचा चेंडू दिसतांच धांवत फिरून उजव्या बाजूनें मारण्याची सवय जडली असेल, त्यानें एक महिनाभर भिंतीसमोर रोज पन्नास चेंडू खालून वर मारून पाहावेत. त्यानंतर त्याचे पाय त्या कोपऱ्यांतून पळ काढण्याऐवजीं तेथें रोवले जातील, आणि समोरच्याला चेंडू टाकण्यास दुसरी जागा शोधावी लागेल.